भूदृश्यरचना, प्रतिकृती रेल्वेवरील

प्रतिकृती रेल्वेच्या रूळांभोवती ठरावीक प्रमाणात डोंगर, पाणी, झाडी, रस्ते व छोट्या इमारती उभारण्याची कला आणि तंत्र. छांदिष्ट मंडळी तिला नुसते ‘सीनरी’ म्हणतात. रूळ, गाड्या व सीनरी मिळून जे उभे राहते तो ‘लेआउट’. गाडी धावायला सीनरी लागत नाही. मात्र गाडीचा आकार डोळ्याला पटतो तो शेजारच्या दारामुळे, कुंपणामुळे, झाडामुळे. म्हणून या अंगाला केवळ सजावट समजणे योग्य नाही.

प्रमाण : युरोप-अमेरिकेत सर्वाधिक रूढ असलेले एचओ प्रमाण १:८७ आहे. ब्रिटनमधील ओओ सु. १:७६, तर एन १:१६० (ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये बहुधा १:१५०) धरतात. एचओ व ओओ यांचे रूळ मात्र एकाच, १६.५ मिमी. रुंदीचे असतात. ब्रिटिश इंजिने मुळातच आकाराने लहान. त्या काळच्या विजेच्या मोटारी १:८७ च्या सांगाड्यात मावेनात, म्हणून सांगाडा मोठा केला आणि रूळ तेच ठेवले, असे याचे कारण सर्वसाधारणपणे देतात. परिणामी ओओमधील रूळ १,४३५ मिमी.ऐवजी सु. १,२५७ मिमी. रुंदीचा भास देतात. इमारतीचे माप अशा वेळी रूळांवरून काढू नये, गाडीवरून काढावे.

२.१ मी. उंचीचे दार एचओमध्ये २४ मिमी.चे होते, ओओमध्ये साडेसत्तावीस मिमी.चे. फरक जेमतेम साडेतीन मिमी.चा, पण अशी दोन घरे शेजारी ठेवली की एकात मोठी माणसे राहतात आणि दुसऱ्यात मुले, असे वाटू लागते. वीट (लांबी सु. २३ सेंमी.) एचओमध्ये २.६ मिमी. उरते आणि विटांमधला १० मिमी.चा सांधा जवळजवळ ०.१ मिमी. एवढ्या बारीक सांध्यात रंग वेगळा भरता येत नाही. भिंत विटकरी रंगवून त्यावर पातळ करडा रंग फिरवायचा आणि लगेच कापडाने पुसून घ्यायचा, म्हणजे तो खाचांत तेवढा राहतो.

लांबीच्या बाबतीत प्रमाण काटेकोर पाळणे घरात शक्यच नसते. १ किमी. अंतर एचओमध्ये साडेअकरा मी. भरते, ३०० मी.चा फलाट साडेतीन मी.च्या आसपास जातो. त्यामुळे दारे, खिडक्या व जिने पूर्ण मापाचे ठेवून इमारतीचे खण कमी करतात. झाडेही आखूड करतात : १५ मी. उंच झाड १७ सेंमी.चे हवे, पण तयार मिळणारी झाडे बहुधा त्याहून पुष्कळ बुटकी असतात. ही तडजोड सर्वत्र मान्य असली, तरी स्टेशनामागे एक तरी पुऱ्या उंचीचे झाड लावून पाहावे. इंजिन एकदम खरे वाटू लागते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार सीनरी ही खेळण्यांच्या जोडसामानातून वाढली. मार्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले, आणि पुढे पत्र्याची स्टेशने, पूल, सिग्नल अशा वस्तू बाजारात येत राहिल्या. दुसरे मत तिचे मूळ फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळी, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांच्या ज्या उठावदार प्रतिकृती तयार झाल्या, त्यांच्यापर्यंत नेते. लाकूड, कागद, वाळू व रेशीम वापरून सु. १:६०० प्रमाणात केलेल्या या प्रतिकृती लष्करी उपयोगाच्या होत्या. साहित्य व दृष्टी यांत साम्य आहे हे खरे. पण तेवढ्यावरून वंशावळ जोडता येत नाही. तिसरे मत नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्याकडे बोट दाखवते. झाडाची साल, शेवाळ, पुठ्ठ्याची घरे असा हा देखावा जर्मन भाषकांच्या मुलखात आणि पेनसिल्व्हेनियात वसलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत रुजला होता; नाताळच्या झाडाभोवती खेळण्यातली गाडी फिरू लागली तेव्हा ती या घरांमधूनच फिरली. पहिले व तिसरे मत परस्परविरोधी नाहीत, आणि दोन्ही एकत्र धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

यांपैकी कशातही संपूर्ण भूदृश्याची कल्पना मात्र नाही. ती साधारणतः १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये आकारली. एडवर्ड बील या ब्रिटिश प्रतिकृतीकाराचेही नाव या संदर्भात घ्यावे लागते. तथापि रेल्वे ही प्रदेशाचा एक भाग आहे, प्रदेश रेल्वेची पार्श्वभूमी नव्हे, ही दृष्टी जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली’ या लेआउटमध्ये प्रथम स्पष्टपणे दिसते असे मानणे योग्य ठरेल. नदी, गाव, बंदर हे सारे काल्पनिक, पण इमारती प्रत्यक्ष पाहिलेल्या. १९६१ मध्ये अहर्न वारले. त्यांचा लेआउट आज ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात जतन केलेला आहे. हे संग्रहालय (स्थापना १९५४) मूळ ऑस्ट्रेलियाच्या रॉय इंग्लंड यांनी उभारले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातील गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत असलेली पाहून त्यांनी त्यांची मोजमापे घेतली आणि तीच घरे कार्डबोर्डमध्ये, वीट न् वीट वेगळी रंगवून, पुन्हा उभी केली. या क्षेत्रातले याहून श्रेष्ठ काम दाखवणे कठीण आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी ‘गोरी अँड डिफीटेड’ हा एचओ लेआउट रचला. जमिनीपासून वर चढत जाणारे कडे, खोली वाढल्याचा भास देणारे आरसे, मुद्दाम मळवलेली व गंजवलेली इंजिने आणि घरे ही त्यांची वैशिष्ट्ये. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच आगीत लेआउट नष्ट झाला. उरली ती छायाचित्रे.

साहित्य व कृती : डोंगरासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची किंवा जाळीची ताटी करून तीवर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल पसरतात. ही पद्धत अमेरिकेत लिन वेस्टकॉट यांनी लोकप्रिय केली. आता कठीण फोमचे थर चिकटवून कोरणेही तितकेच चालते. रूळांखालची खडी कोरडीच पसरून ब्रशने स्लीपरांच्या मधे बसवतात, तीवर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी फवारतात आणि मग निम्मे पाणी मिसळलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडतात. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर मण्यासारखा गोल राहतो आणि घरंगळताना खडे ओढून नेतो. साबणामुळे पृष्ठताण कमी होऊन तो लगेच आत झिरपतो.

गवतासाठी पूर्वी रंगवलेला भुसा वापरीत. आता नायलॉनचे २ ते १२ मिमी. लांबीचे तंतू विद्युत्भाराने उभे करतात. हातातल्या चाळणीला उच्च विद्युत्दाबाचे एक टोक जोडलेले असते, दुसरे टोक ओल्या गोंदात खुपसलेल्या खिळ्याला. चाळणी हलवली की भारित तंतू विद्युत्क्षेत्राच्या रेषांच्या दिशेने खाली येतात आणि गोंदात टोकावर उभे राहतात. एकाच लांबीचे, एकाच हिरव्या रंगाचे गवत गालिच्यासारखे दिसते. पिवळट व तपकिरी तंतू मिसळावेत.

तयार इमारतींच्या संचांमध्ये ब्लॅक फॉरेस्टमधील फालर (स्थापना १९४६) ही कंपनी प्रसिद्ध आहे; मनुष्याकृतींसाठी प्रायझर.

भारत : पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले प्रतिकृती रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, त्यात रेल्वेबरोबर एक छोटे शहरच वसवलेले आहे. भारतीय रेल्वेची सीनरी करणाऱ्यापुढे वेगळे प्रश्न येतात. १,६७६ मिमी.चा ब्रॉडगेज एचओमध्ये सु. १९.३ मिमी. होतो, तर वापरावे लागतात ते १६.५ मिमी.चे रूळ. डबा मात्र सु. ३.२५ मी. रुंद, म्हणजे ३७ मिमी.च्या पुढे; युरोपीय मापाने चिकटवलेल्या फलाटाला तो घासतो. माथेरानच्या ६१० मिमी. मार्गाचे ७ मिमी. होतात, आणि त्याकरिता सहसा एन प्रमाणाचे ९ मिमी. रूळ घ्यावे लागतात. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. आल्प्सच्या दगडाच्या साच्यांतून काढलेले प्लास्टर इथे शोभत नाही. कॉर्कचे किंवा फोमचे तुकडे आडवे फाडून एकावर एक रचले तर घाट ओळखू येतो. मंगलोरी कौलांच्या उतरत्या छपरासाठी बारीक नालीदार कागद पुरतो.

महाराष्ट्रात दिवाळीत मुले जो किल्ला करतात, त्याची कृती वरील पद्धतींशी आश्चर्यकारकपणे जुळते : दगड-विटांच्या रचाईवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात, ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरतात. कोंब चारपाच दिवसांत वर येतात आणि, नायलॉनच्या तंतूंप्रमाणेच, उभे राहतात.