सूक्ष्म संवेदक व प्रवर्तक

एक मिलिमीटरहून लहान, बहुधा सिलिकॉनमध्ये कोरलेली यांत्रिक साधने. दाब, हालचाल किंवा वायू जाणून विद्युत संकेत देतो तो संवेदक, म्हणजे सेन्सर. संकेत मिळताच स्वतः हलतो तो प्रवर्तक. दोन्ही मिळून ‘मेम्स’ (मायक्रो-इलेक्ट्रो-मेकॅनिकल सिस्टिम्स) म्हणून ओळखली जातात. फोन आडवा धरला की पडद्यावरचे चित्र फिरते, ते अशाच संवेदकामुळे: बारीक स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा तुकडा सरकतो आणि शेजारच्या पट्टीशी असलेली धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते.

सिलिकॉन व जर्मेनियमवर ताण आला की त्यांचा विद्युत रोध बराच बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. दाबसंवेदक त्यातूनच आले. १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात केसाच्या जाडीएवढी मोटर विद्युत ओढीवर फिरली.

यांत्रिकी अभियंत्याची खरी कसोटी आकार घटल्यावर लागते. लांबी दहापट कमी केली की पृष्ठभाग शंभरपट घटतो, वजन मात्र हजारपट. निवळी पाण्यावर धावते ती याच हिशेबाने. या जगात गुरुत्वाकर्षण जवळजवळ नगण्य आणि चिकटणे हाच मोठा शत्रू. पावसाळ्यात भिजलेल्या वहीची पाने जशी एकमेकांना धरतात, तशी सूक्ष्म पट्टी ओलाव्याच्या पातळ थराने तळाला चिकटते आणि मग सुटत नाही. पट्टीखालचा ऑक्साइडचा थर आम्लाने विरघळवून ती मोकळी केल्यावर धुतलेले पाणी सुकतानाच हा घात होतो. म्हणून ती कार्बन डायऑक्साइडच्या अतिक्रांतिक अवस्थेत, म्हणजे द्रव आणि वायू हा भेदच मिटतो अशा दाब-तापमानाला, सुकवतात, किंवा तिच्यावर पाणी न धरणारा लेप देतात.

कोकणात हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही पाठ सोडत नाही. जुलैत किनाऱ्यावरची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. फोनमधल्यासारख्या हालचाल टिपणाऱ्या त्वरणसंवेदकाला हवेची गरज नसते, त्यामुळे तो हवाबंद डबीत सुखाने राहतो. वायू, आर्द्रता आणि आवाज टिपणाऱ्यांना मात्र तोंड उघडे ठेवावेच लागते. बॅरोमीटरचेही तेच, तरी त्याला निदान जेलचे आवरण देता येते. मुंबईकर सहसा विसरतो, पण पवईही कोकणपट्टीतच मोडते. तेथील आयआयटीत स्फोटकांची वाफ ओळखणाऱ्या सूक्ष्म पट्ट्यांवर काम झाले आहे. रेणू चिकटले की पट्टी वाकते व तिचा रोध बदलतो. अशा पट्टीवर पाण्याचे रेणूही बसतात, तेव्हा वाफेचा संकेत आणि दमटपणाचा संकेत वेगळे काढणे हे त्या कामातले मोठे कष्ट.

खारा वारा आणखी एक भर घालतो. बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, तसेच आर्द्रतासंवेदकाच्या पॉलिमर पापुद्र्यावर बसलेले मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि वाचन खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. जाळीदार टोपी काही काळ आधार देते. पुढे तीच मिठाने बुजते. त्यामुळे किनाऱ्यावर बसवलेले असे संवेदक ठरावीक मुदतीने काढून, शुद्ध पाण्याने धुऊन, माहीत असलेल्या आर्द्रतेशी पडताळून पुन्हा लावावे लागतात.