ओलेडमधील प्रकाशोत्सर्जक पदार्थ

कार्बनी प्रकाशोत्सर्जक डायोडच्या (ओलेड) ज्या थरातून प्रत्यक्ष प्रकाश निघतो, त्या थरातील संयुगे. हा थर काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो. ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन व धनाग्राकडून विवरे (इलेक्ट्रॉनच्या रिक्त जागा; त्या धनप्रभारासारख्या वागतात) येऊन त्यात एकत्र आली की एक्झिटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन व विवर यांची बद्ध उत्तेजित जोडी, तयार होतो. तो मूळ अवस्थेत परतताना प्रकाश देतो.

या संशोधनाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. फ्रान्समध्ये नॅन्सी येथे बेर्नानोझ यांनी १९५० च्या दशकात ॲक्रिडीन ऑरेंजसारख्या रंजकांवर उच्च प्रत्यावर्ती विद्युत् दाब देऊन प्रकाश मिळवला. पण तेथे प्रभार विद्युत् अग्रांतून आत शिरत होते, असे म्हणणे कठीण आहे. पोप व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासिनाच्या स्फटिकावर सुमारे ४०० व्होल्ट एकदिश दाब वापरला. दोन्ही अग्रांतून प्रभार शिरून होणारी संदीप्ती हेल्फ्रिख व श्नायडर यांनी १९६५ मध्ये वर्णिली. आजच्या अर्थाने आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. टँग व व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये ॲल्युमिनियम व हायड्रॉक्सिक्विनोलीन यांच्या जटिलाचा पातळ थर वापरून १० व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवला. बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांचे प्रमाण) मात्र सुमारे १ टक्काच होती.

खरी अडचण इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची (स्पिन). विजेने घडलेल्या दर चार एक्झिटॉनांपैकी साधारण एक सिंग्लेट (परिवलने परस्परविरुद्ध) व तीन ट्रिप्लेट (परिवलने समांतर) असतात. साध्या अनुस्फुरक रेणूत फक्त सिंग्लेट प्रकाश देतो. उरलेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. प्लॅटिनम किंवा इरिडियमासारखा जड अणू रेणूत असला, की ट्रिप्लेटलाही प्रकाश देण्याची वाट मोकळी होते (१९९८ पासून बाल्डो, फॉरेस्ट, टॉम्पसन इत्यादींचे काम). हे प्रस्फुरक (ट्रिप्लेटपासून प्रकाश देणारे) रेणू एकमेकांना विझवतात, म्हणून ते दुसऱ्या आश्रयी पदार्थात थोड्या प्रमाणात मिसळतात.

जपानच्या क्यूशू विद्यापीठातील अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूविना हेच साधले. सिंग्लेट-ट्रिप्लेट ऊर्जाभेद पुरेसा लहान असेल, तर खोलीच्या तापमानाची उष्णताही ट्रिप्लेटला सिंग्लेटच्या पातळीवर चढवण्यास पुरते. हा विलंबित अनुस्फुरणाचा प्रकार इओसीन या रंजकात आधीपासून ज्ञात होता; नवे होते ते रेणूची हेतुपूर्वक रचना. रेणूतील दाता (इलेक्ट्रॉन देणारे) व ग्राही (इलेक्ट्रॉन घेणारे) गट पिळून दूर ठेवले की भेद घटतो. पण ते फार दूर गेले, तर प्रकाश देण्याचा वेगच मंदावतो.

निळ्या रंगाचे टिकाऊ पदार्थ मिळवणे अजून अवघड आहे. निळ्या एक्झिटॉनची ऊर्जा रेणूतील काही बंधांच्या ऊर्जेच्या जवळपास जाते; दीर्घायुषी ट्रिप्लेट परस्परांशी किंवा प्रभारांशी भिडल्यास बंधच तुटतात.