लॉन चेनी : रंग फासण्याच्या आधीची गोष्ट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १ एप्रिल १८८३ रोजी मूकपटांतला नट लॉन चेनी याचा जन्म झाला. त्याचे आई-वडील दोघंही मूकबधिर. वडील न्हावी होते आणि आईच्या वडिलांनी कोलोरॅडोत मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. खूणभाषा ही या घराची रोजची भाषा. लॉन नऊ-दहा वर्षांचा असताना आईला संधिवाताने गाठलं आणि ती अंथरुणाला खिळली. पोराची शाळा चौथीतच सुटली. आईचं सगळं बघायचं काम त्याच्याकडे आलं. त्याबरोबर आणखी एक काम आलं : दिवसभरात गावात काय घडलं ते तिला करून दाखवायचं. कोण कसं चालत गेलं, कोण कुणावर तापलं, कोण लाजलं, हे सगळं हातांनी, खांद्यांनी, भुवयांनी.

चेनीबद्दल लिहिताना त्याच्या रंगभूषेवर पानंच्या पानं खर्ची पडतात. मला मात्र त्या आजारी बाईच्या खाटेपाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटतं. मूकपटाचा जो मोठा नट पुढे घडला, त्याचा पहिला प्रेक्षक एकच होता आणि त्या प्रेक्षकाला ऐकू येत नव्हतं. ‘करून दाखव’ म्हणजे काय, ते या मुलाला दहाव्या वर्षी कळलं होतं.

गावच्या ऑपेरा हाऊसमध्ये तो आधी सामान लावणारा पोऱ्या म्हणून लागला. १९०२च्या सुमारास भावाच्या संगतीने रंगमंचावर उभा राहिला आणि मग वर्षानुवर्षं फिरत्या संगीत-विनोदी मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडला. अशा मंडळीत नुसता नट म्हणून पोट भरत नसे. पडदे रंगवायचे, कपडे सांभाळायचे, नाच बसवायचा, प्रयोग सुरळीत पार पाडायचा आणि मधेच एखाद्या म्हाताऱ्याची, एखाद्या गुंडाची भूमिकाही उभी करायची. दाढी आपली आपणच चिकटवायची, सुरकुत्याही आपल्याच हाताने काढायच्या. चरित्रनट म्हणून त्याची तालीम झाली ती अशी. नाचामुळे अंगावर जो ताबा आला, तो पुढे रंगापेक्षा जास्त कामी आला, असं मला वाटतं.

नाटक सोडायची त्याची इच्छा नव्हती. त्याची पहिली बायको क्लीवा गायिका होती; त्यांचा मुलगा क्रेटन १९०६मध्ये झाला. संसार मात्र विस्कटत गेला. एप्रिल १९१३मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅजेस्टिक थिएटरात प्रयोग चालू असताना क्लीवाने विष घेतलं. जीव वाचला, गळा कायमचा गेला. बोभाटा झाला, लग्न मोडलं आणि नाटकधंद्यात चेनीला उभं राहणं अवघड झालं. सिनेमाकडे तो वळला तो असा, दुसरी वाट उरली नाही म्हणून.

तेव्हाच्या स्टुडिओत सकाळी किरकोळ कामांसाठी नटांची गर्दी उभी असे. दिग्दर्शकाचा माणूस यायचा : आज एक खलाशी हवा, एक चिनी हवा, एक म्हातारा हवा. रंगभूषेचं वेगळं खातं नव्हतं, ज्याने-त्याने आपला चेहरा घडवायचा. फिरत्या मंडळीतली रंगभूषेची पेटी बाळगणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली? युनिव्हर्सलमध्ये चेनीने चार-पाच वर्षांत ढिगाने कामं केली. १९१८च्या सुमारास आठवड्याला १२५ डॉलर मागितले, तेव्हा शंभराच्या वर तुझी किंमत कधीच होणार नाही, असं त्याला ऐकवण्यात आलं. त्याने नोकरी सोडली.

वर्षभरात ‘द मिरॅकल मॅन’ (१९१९) आला. त्यात तो ‘फ्रॉग’ नावाचा ठग आहे. हा ठग लोकांसमोर लुळापांगळा होऊन सरपटत येतो आणि ‘चमत्कार’ झाल्यासारखा एकेक सांधा उलगडत उभा राहतो. चित्रपट जवळजवळ पूर्ण नष्ट झाला, उरल्या त्या काही मिनिटांत हा प्रसंग आहे. चेहऱ्यावर रंगाची करामत फारशी नाही, सगळं काम सांध्यांचं. पुढच्याच वर्षी ‘द पेनल्टी’त पाय नसलेला गुन्हेगार साकारताना त्याने गुडघे दुमडून, पावलं मागे मांड्यांना पट्ट्यांनी आवळून घेतली. फार वेळ ते सोसवत नसे, म्हणून चित्रीकरण तुकड्या-तुकड्यांनी व्हायचं.

१९२३मध्ये युनिव्हर्सलनेच त्याला ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’साठी परत बोलावलं. लोक त्याच्या कुबडाचं वजन किती होतं याची चर्चा करतात. पण त्याने साकारलेला कुबडा क्वासिमोडो बहिरा आहे, याकडे बघा. बहिऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर समोरच्याचं बोलणं जरा उशिरा उमटतं, आधी डोळे शोध घेतात. चेनीला हे कुणी शिकवावं लागलं नसेल. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’त (१९२५) तो ऑर्गन वाजवत बसलेला असतो, मागून येऊन नायिका मुखवटा ओढते. ती त्याच्या पाठीमागे असल्यामुळे तो चेहरा तिच्याआधी आपल्याला दिसतो : ताणलेलं नाक, खोल डोळे, वासलेला जबडा. मग तो वळतो.

मला सर्वांत थोर वाटतो तो मात्र दिग्दर्शक टॉड ब्राऊनिंगचा ‘द अननोन’ (१९२७). नायिकेला पुरुषांच्या हातांची धास्ती आहे. सर्कशीतला अलोंझो आपल्याला हात नाहीत असं भासवत असतो आणि तिच्यासाठी खरोखरच हात कापून घेतो. परत येतो तर तिची धास्ती गेलेली, ती सर्कशीतल्या पहिलवानाच्या मिठीत. अलोंझो हसू लागतो. हसता हसता ओठ थरथरतात, गालाचे स्नायू सैल पडतात, आणि हसणं कधी संपून रडणं सुरू झालं ते सांगता येत नाही. ज्याची सगळी कला हातांत होती, त्याला इथे हात वापरायला नाहीत. नायिकेचं काम करणारी जोन क्रॉफर्ड पुढे सांगत असे की अभिनय म्हणजे काय, ते तिला चेनीचं काम जवळून पाहून उमगलं.

त्याने दीडशेवर चित्रपट केले, बहुसंख्य आज उपलब्ध नाहीत. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची शेवटची प्रत एमजीएम स्टुडिओच्या गोदामाच्या आगीत जळाली. १९२९च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात चित्रपटातल्या रंगभूषेवरची नोंद त्याने लिहिली होती. त्याची मेकअपची पेटी लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

बोलपट आले तेव्हा त्याने बराच काळ नकार दिला. अखेर १९३०मध्ये आपला जुना मूकपट ‘द अनहोली थ्री’ पुन्हा, या वेळी बोलता, केला. त्यात म्हातारी, पोपट, बाहुला असे पाच आवाज त्याने काढले. ते खरोखर आपलेच आहेत, असं शपथपत्र त्याने सही करून दिलं आणि स्टुडिओने त्याची जाहिरात केली. तोवर फुप्फुसाचा कर्करोग बळावला होता. चित्रपट जुलैत लागला आणि २६ ऑगस्टला घशातल्या रक्तस्रावाने तो गेला, वय ४७. ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्याला ठेवलं आहे. त्या जागेवर नाव कोरलेलं नाही.