बाथरूम घरात आलं आणि वाफ घरातच राहिली: बुरशीमागची सव्वाशे वर्षं

बाथरूमच्या छताला काळे ठिपके दिसायला लागले की पहिल्या शिव्या पेंटरला, मग वरच्या मजल्यावाल्यांना आणि शेवटी बिल्डरला. लिकेज असेल तर प्रश्नच मिटला, आधी ते बघा. पण कितीतरी घरांत कुठेच लिकेज नसतं, वरचा फ्लॅट वर्षभर बंद असतो, तरी गिझरच्या मागच्या कोपऱ्यात बुरशी येतेच. असं का होतं ते कळायला आपलं न्हाणीघर गेल्या सव्वाशे वर्षांत कुठून कुठे सरकलं ते बघायला हवं, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

मुळात आंघोळीची जागा घराच्या मध्यात कधी नव्हतीच. कोकणात, गोव्यात न्हाणी मागच्या बाजूला, विहिरीच्या जवळ, आणि पाणी तापवायचं ते चुलाण्यावरच्या भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, नाहीतर बंबात. देशावरच्या वाड्यातही न्हाणीघर मागच्या चौकात किंवा परसात. वर कौलं. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ मध्ये काढला आणि ती कौलं पुढे किनारपट्टीभर पसरली, पण आधीची नळीची कौलं असोत की ही, दोन्हींच्या सांध्यांत फटी असायच्याच, वाफ वर गेली की बाहेर. शेजारी विस्तव पेटलेला, त्यामुळे भिंती शेकून निघायच्या, आणि भिंतींना दर वर्षी चुन्याची सफेदी. ताजा चुना चांगलाच अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही, शिवाय चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि हळूहळू सोडूनही देतो. हे कुणी ठरवून केलेलं व्हेंटिलेशन नव्हतं, जे होतं ते तसं होतं. आणि उगाच जुनं ते सोनं म्हणायलाही नको, पावसात अंगणातून पळत जायचं, धुराने डोळे चोळत बंब फुंकायचा, आणि हे सगळं पहाटे उठून कोण करायचं ते वेगळं सांगायला नको.

शहरात गोष्ट वेगळी झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, मांडवी भागात पहिले रुग्ण ओळखले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्या वेळी डोकं चालत होतं ते हवेवर, म्हणजे कोंदट हवा, अंधार आणि दुर्गंधी यातूनच रोग होतो असं सरकारी लोकांना वाटायचं, त्यामुळे घराघरांत शिरून चुना मारणं, छपराची कौलं काढून ऊन आत घेणं असले प्रकार झाले. पुण्यात याच मोहिमेच्या जाचातून रँडचा खून झाला, १८९७ मध्ये. मग १८९८ ला शहराची वस्ती सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. ऐकायला भूमितीचा तास वाटतो पण अर्थ सोपा आहे, समोरच्या इमारतीची उंची जेवढी, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीसमोर पाहिजे, म्हणजे तळमजल्यालाही आकाशाचा तुकडा दिसेल. आज आपण बाथरूमच्या खिडकीबद्दल जे नियम पाळतो (किंवा पाळत नाही) त्यांची मुळं या काळात आहेत, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या चर्चेत चिंता होती ती घाण हवेची, उजेडाची. वाफ आणि बुरशी हा विषय कुणाच्या अजेंड्यावर नव्हता.

असायचं कारणही नव्हतं म्हणा. चाळीत बाथरूम नावाची खोलीच नव्हती, होती ती मोरी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक, आणि खोलीच्या कोपऱ्यात वीतभर कठड्याची मोरी. तारेवर पडदा सरकवला की बाथरूम तयार. वाफ अख्ख्या खोलीत पसरायची, तिथून गॅलरीत. दार दिवसभर उघडंच असायचं, त्यामुळे ओल साचून राहायला वावच नव्हता.

वेगळं, दाराला कडी असलेलं बाथरूम मध्यमवर्गाला मिळालं ते ब्लॉकमध्ये. १९३० च्या आसपास सिमेंट-काँक्रीटच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, दादरची हिंदू कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, आणि 'सेल्फ कंटेन्ड ब्लॉक' हा शब्द लग्नाच्या बोलण्यातही यायला लागला. आता या जुन्या इमारतींच्या मागे जाऊन बघा, कित्येक ठिकाणी एक लोखंडी गोल जिना अजून गंजत उभा आहे, प्रत्येक मजल्यावर थेट संडास-बाथरूमच्या मागच्या दाराशी जाणारा. सफाई कामगाराने स्वयंपाकघरातून, माजघरातून जाऊ नये म्हणून तो जिना. विटाळाच्या कल्पनेतून आलेली ही रचना, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण तिच्यामुळे बाथरूम बाहेरच्या भिंतीला राहिलं आणि त्याला खरी, मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी मिळाली. पुढे फ्लश आणि ड्रेनेज सगळीकडे झालं, मागच्या दाराची गरज संपली, आणि बाथरूमला बाहेरच्या भिंतीशी बांधून ठेवणारं एक मोठं कारणच गेलं.

त्यानंतर ते आत सरकत गेलं. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे गेले, लोक नव्या वसाहतींत गेले, त्याच सुमारास १९६० चा सहकारी संस्था कायदा आला आणि सोसायट्या उभ्या राहायला लागल्या. जागेचा भाव चढला तशी बाहेरची भिंत महाग झाली, ती हॉलला आणि बेडरूमला द्यायची, बाथरूम काय, जाईल डक्टवर, म्हणजे इमारतीच्या पोटात पाइपांसाठी आणि हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर. मास्टर बेडरूमला अटॅच्ड हवं ही मागणी आली तेव्हा तर दुसरा इलाजच उरला नाही.

कागदावर डक्टचे नियम चांगले आहेत. १९७० मध्ये पहिल्यांदा आलेल्या नॅशनल बिल्डिंग कोडच्या पुढच्या आवृत्त्यांत १८ मीटर उंचीच्या इमारतीला डक्ट किमान ४ चौरस मीटरचा आणि कुठलीही बाजू दीड मीटरपेक्षा कमी नको असं दिलंय, ३० मीटरला तोच ८ चौरस मीटर. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत बाथरूमची खिडकी किंवा झरोका किमान ०.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन फूट बाय दीड फुटाच्या जरा वर, हवी होती. आता प्रत्यक्षातला डक्ट बघा. ड्रेनेजचे पाइप, पावसाच्या पाण्याचे पाइप, एसीचे आउटडोअर, किचन चिमणीचं तोंडही त्यातच, कबुतरांसाठी लावलेली जाळी आणि जाळीवर साठलेली पिसं, तळाला कायम ओल. वर कुणीतरी फायबरचा पत्रा टाकून तोंड अर्धं बंद केलेलं, पाऊस येतो म्हणून. ही हवा आत घ्यावी असं कुणालाच वाटत नाही, मग खिडकीच लावून टाकतात. पूर्वी त्या खिडकीला काचेच्या तिरक्या पट्ट्या असायच्या, एकावर एक, त्या नीट बंद व्हायच्याच नाहीत, कडेची क्लिप गंजलेली, एखादी पट्टी फुटलेली. आपण त्याला वैतागायचो, पण चोवीस तास हवा खेळती ठेवायचं काम ती खिडकी न सांगता करत होती. रिनोव्हेशनमध्ये ती काढून अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवली की गेलं ते.

दुसऱ्या बाजूने पाणी वाढत गेलं. गरम पाणी लगेच देणारं यंत्र लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉघन याने १८६८ मध्ये काढलं, गॅसवर चालायचं आणि जळालेला वायू बाहेर न्यायला त्याला धुराडंच नव्हतं. दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडे तीच चूक चालू आहे, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावतात आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात, वास नाही, धूर नाही, कळतच नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा, यात तडजोड नको. विजेच्या गिझरला तो धोका नाही, पण बादली-तांब्याची आंघोळ जाऊन शॉवर आला तो त्याच्यामुळेच, आणि शॉवरचे बारीक थेंब हवेत पाणी सोडतात ते बादलीपेक्षा कितीतरी जास्त.

एक हिशोब करून बघू. पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे साधारण ९ घनमीटर हवा. २७ अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते, म्हणजे सगळ्या बाथरूमची ताकद २३० ग्रॅम. जुलैत मुंबईत बाहेरच्या हवेची आर्द्रता सहज ८५ टक्के असते, म्हणजे ही ताकद आधीच जवळपास दोनशे ग्रॅमने भरलेली, उरली पस्तीसेक ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. गरम शॉवरमध्ये एवढी वाफ काही मिनिटांत होते, आणि पुढचं सगळं पाणी भिंतीवर, आरशावर, छतावर. युरोपात बाथरूममध्ये ओल धरते ती मुख्यतः गार भिंतीमुळे, आपल्याकडे भिंत तितकी गार नसते, आपला त्रास हा की पावसाळ्यात ती वाळतच नाही.

त्यात छतापर्यंत टाइल्स, टाइल्सच्या वर ऑइल पेंट किंवा पुट्टी, म्हणजे शोषून घेणारं काही उरलंच नाही, आणि बुरशीने धरलं ते नेमकं टाइल्सच्या मधलं ग्राउट, सिलिकॉनची पट्टी आणि छत. वर माळा काढला की छत सात फुटांवर येतं, वाफ डोक्याशीच कोंडते. पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तर ठिपके मागच्या बाजूला येतात, दिसत नाहीत इतकाच फरक.

एक्झॉस्ट फॅन हा या सगळ्यावरचा अलीकडचा उतारा, आणि बाहेरची खिडकीच नसलेल्या टॉवरमधल्या बाथरूमना तर तेवढाच आधार. त्याच बिल्डिंग कोडमध्ये बाथरूमसाठी तासाला सहा ते दहा वेळा हवा बदलावी असं आहे, आपल्या ९ घनमीटरला म्हणजे ५४ ते ९० घनमीटर, आणि बाजारातला साधा सहा इंची फॅन तेवढी हवा आरामात ओढतो. तरी लोक म्हणतात फॅन लावून काही उपयोग नाही. दोन गोष्टी बघा. फॅन सीलिंगमध्ये बसवलाय पण पाइप बाहेर नेलाच नाही, वाफ वरच्या पोकळीत सोडून दिली, हे मी नव्या कोऱ्या फ्लॅटमध्येही पाहिलंय. आणि दार. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा आणि दाराला खाली रबराची पट्टी, सगळं गच्च, मग फॅनला आत ओढायला हवा येणार कुठून, तो नुसता गरगरतो. दाराखाली बोटभर फट किंवा खालच्या भागात जाळी हवी, आणि फॅन आंघोळीनंतर वीस-पंचवीस मिनिटं चालू राहायला हवा. बहुतेक घरांत तो लाइटच्याच बटणावर असतो, त्यामुळे माणूस बाहेर आला की फॅन बंद. इलेक्ट्रिशियनला सांगून वेगळं बटण काढून घ्या. भर पावसाळ्यात मात्र फॅनही एकटा पुरा पडत नाही कारण बाहेरून येणारी हवाच ओली, तेव्हा आंघोळ झाली की वायपरने भिंतीवरचं पाणी खाली ओढून घ्यायचं आणि दार उघडं टाकून खोलीतला पंखा चालू ठेवायचा.