आदिवासी जमीनहक्क व आंदोलन यांचे अध्यापन (मुंबई)

मुंबईच्या वर्गात हा विषय बहुधा ‘आरे’ या नावाने शिरतो आणि झाडे विरुद्ध मेट्रो अशा वादात संपतो. पाड्यांवरची वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे त्यात दिसतच नाहीत. म्हणून सुरुवात घोषणांपासून न करता दाव्याच्या कागदापासून करावी.

कायदा 2006 चा, वनहक्क कायदा. आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून असलेल्या वनजमिनीवर, कमाल 4 हेक्टरपर्यंत, वैयक्तिक हक्क मिळू शकतो. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व तिथून जिल्हा समितीकडे जातो.

दोन तासिका जोडून वर्गातच ग्रामसभा भरवावी. पट 36 असेल तर गणपूर्तीला 18 जण हवेत आणि त्यांत किमान 6 मुली. पहिल्यांदा पाचच मुली बसवून सभा तहकूब करावी. नियम एकदाच कळतो आणि विसरत नाही. मग पुरावे वाटावेत: रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जुनी विहीर, दावेदाराखेरीज दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब. किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. मुले उपग्रहचित्रावर तुटून पडतात, पण ते इतर पुराव्यांना जोड म्हणून चालते, त्यांच्या जागी नाही. वर्गात पाड्यावरची मुले असतील तर त्यांच्या घरचे कागद चुकूनही मागू नयेत. नमुने बनवलेलेच वापरावेत.

आरेत गाडे पहिल्याच पायरीवर अडते. 1949 ची ही दुग्धवसाहत. शहरात ग्रामसभा नाही आणि जमीन ‘वन’ आहे का, यावरच वाद. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने आरेला वन ठरवण्याची मागणी फेटाळली, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडतोड सुरू झाली, 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. तोवर 2,000 हून अधिक झाडे पडली होती. या तारखांच्या चिठ्ठ्या पिसून क्रम लावायला द्याव्यात. स्थगिती आधी आली असेच बरीच मुले धरून चालतात.

आंदोलनासाठी मार्च 2018 चा नाशिक–मुंबई शेतकरी मोर्चा घ्यावा: सुमारे 180 किमी, 6 ते 12 तारीख, मागण्यांत वनहक्काचे दावे. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा, सायनच्या सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत, रात्रीच चालला गेला. हे सांगितले की दहावीचा वर्ग एकदम गप्प होतो.

पाड्यावर सहल न नेलेलीच बरी. न्यायचीच तर 10 मुले, रहिवाशांनी दिलेली वेळ आणि मोबाइल दप्तरात.