पहिले डोंगरी सैनिक फ्रान्सचे नव्हेत

‘आल्प्सचे शासर’ म्हणजे फ्रान्सचे डोंगरी सैनिक. ‘आल्प्सचे शासर हे जगातले पहिले पर्वतीय पायदळ’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. ते चुकीचं आहे. तो मान इटलीच्या ‘आल्पिनी’चा, त्यांची स्थापना १८७२ची. सीमेपलीकडे अशी फौज उभी राहिलेली पाहून फ्रान्स जागा झाला, आणि डिसेंबर १८८८च्या कायद्याने आधीच्याच ‘पायदळी शासर’ बटालियनांपैकी बारा डोंगरी लढाईसाठी निवडल्या गेल्या.

गफलत होते ती इथेच. मूळ शासर बटालियना जुन्या आहेत. १८४० साली फ्रेंच राजपुत्र, ऑर्लेआँच्या ड्यूकने एकदम दहा उभारल्या. पण त्या चपळ नेमबाजांच्या होत्या, डोंगराशी त्यांचा संबंध नव्हता. ते वय आल्प्सवाल्यांच्या नावावर चढवणं बरोबर नाही.

दुसरी चूक, त्यांना ‘रेजिमेंट’ (बटालियनहून मोठं दल) म्हणणं. शासर बटालियनमध्येच मोजले जातात, आणि मला सर्वात भावणारी गोष्ट म्हणजे सगळ्या बटालियनांचा ध्वज एकच! आल्प्सवाल्यांच्या आज तीन उरल्यात: सातवी, तेरावी, सत्ताविसावी. तिन्ही २७व्या पर्वतीय ब्रिगेडमध्ये. पहिल्या महायुद्धात त्यांना ‘निळे सैतान’ हे नाव पडलं, तेही ईशान्य फ्रान्समधल्या वोजच्या डोंगरांत लढून कमावलेलं. पहिलेपणाचा खोटा टिळा त्यांना लागतोच कशाला?