माल्टाच्या सहा जागा आणि ते 'उतरतं प्रमाण'

युरोपियन पार्लमेंटचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या निवडून आलेल्या सभागृहाचा विषय निघाला की कोणीतरी हा हिशोब मांडतंच, माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आणि खासदार ६, जर्मनीची आठ कोटींच्या वर आणि खासदार ९६, म्हणजे माल्टातल्या मताला जवळपास दहापट वजन. आकडे बरोबर आहेत. २००९ मध्ये जर्मनीतल्या घटनेच्या कोर्टानेही लिस्बन कराराच्या (युरोपियन युनियन आज ज्यावर चालते त्या कराराच्या) निकालात हेच सुनावलं होतं, तेव्हा तर फरक बारापटीच्या वर होता.

आता हे आलं कुठून. १९५२ मध्ये या पार्लमेंटचं मूळ रूप म्हणजे कोळसा-पोलादासाठी एकत्र आलेल्या सहा देशांची ७८ जणांची सभा होती, मोठ्या तिघांना १८-१८ आणि इवल्याशा लक्झेंबर्गला ४. गणित वगैरे काही नाही, लहानाच्या ताटात काहीतरी पडावं आणि मोठ्यांत कोणी कोणाच्या वर नको, एवढंच. ही मोठ्यांची बरोबरी मोडली ती थेट १९९४ च्या निवडणुकीत, जर्मनी एक झाल्यावर त्यांना ९९ आणि फ्रान्स, इटली, ब्रिटनला ८७.

खरा गुंता पुढचा. लिस्बन करारात शब्द आला 'डिग्रेसिव्ह प्रपोर्शनॅलिटी', मराठीत उतरतं प्रमाण म्हणूया, देश जितका मोठा तितकी एकेका खासदाराच्या वाट्याला माणसं जास्त. किमान ६, कमाल ९६. किती वेगाने उतरायचं ते मात्र करारात कुठेच नाही! २००७ मध्ये पार्लमेंटने लोकसंख्या धरून वाटप सुचवलं, फ्रान्स ७४, ब्रिटन ७३, इटली ७२, आणि इटली अडून बसली, की तुम्ही राहणारे सगळे मोजताय, नागरिक मोजा, फ्रान्स-ब्रिटनमध्ये परदेशी जास्त आहेत म्हणून त्यांचा आकडा फुगतो. मुद्दा अगदीच फालतू नव्हता, पण तोडगा बघा, एकूण जागा ७५० ठरलेल्या, मग अध्यक्षाला मोजायचंच नाही, '७५० अधिक अध्यक्ष', आणि सुटलेली एक जागा इटलीला, झाले ७३. एवढ्या मोठ्या कराराच्या मजकुरात हा जुगाड कायमचा बसलाय.

२०११ मध्ये गणितज्ञांनी केंब्रिजला बसून साधा फॉर्म्युला दिला, आधी प्रत्येकाला ५ जागा, उरलेल्या लोकसंख्येप्रमाणे, अपूर्णांक वर ओढायचा, ९६ ला थांबायचं. माल्टाला त्यात ६ च येतात! बऱ्याच मधल्या देशांच्या जागा जात होत्या, म्हणून तो बाजूला पडला. २०१३ मध्ये मग उतरत्या प्रमाणाच्या व्याख्येतच 'पूर्णांक करण्याआधी' हे शब्द घातले, म्हणजे जागांचे पूर्णांक केल्यावर हा उतरता क्रम थोडा बिघडला तरी चालेल.

ब्रिटन गेल्यावर ७३ जागा मोकळ्या झाल्या, त्यातल्या २७ वाटल्या, फ्रान्स-स्पेनला ५-५, इटली-नेदरलँड्सला ३-३, एस्टोनियाला १, माल्टा-सायप्रस-लक्झेंबर्गला शून्य. जर्मनीलाही शून्य, कारण ती ९६ वर अडकलेली. २०२४ ला आणखी १५ वाढून ७२० झाल्या, तेव्हाही त्या तिघांचे ६ चे ६ च राहिले. तिघांचे मिळून १८, सातशे वीसपैकी, आणि बोंब मात्र त्यांच्याच नावाने.